खर्ड्यात निजामाला गुडघे टेकायला लावणाऱ्या तोफा महादजी शिंद्यांनी उभ्या केल्या होत्या

सोलापूर जिल्ह्यातल्या माढ्यावरून उत्तरेला निघालं की तीसेक किलोमीटरवर परांड्याचा किल्ला लागतो. तसंच आणखी चाळीसेक किलोमीटर पुढे गेलं की जामखेड तालुक्यातलं खर्डा येतं. आज इथून जाणाऱ्याला शांत, कोरडवाहू मुलूख दिसतो. पण ११ मार्च १७९५ या दिवशी मराठ्यांची सगळी मोठी घराणी इथे एकत्र आली होती. पेशवे, शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले आणि पटवर्धन एका बाजूला, तर हैदराबादचा निजाम अली दुसऱ्या बाजूला.

या लढाईतली एक गोष्ट मोठी गमतीची आहे. निजामाच्या कवायती पायदळाचा प्रमुख होता रेमंड नावाचा फ्रेंच माणूस. समोर शिंद्यांच्या पलटणी होत्या आणि त्यांचा प्रमुख पेरॉन, तोही फ्रेंचच. दख्खनच्या मातीत दोन फ्रेंच माणसं एकमेकांवर तोफा डागत होती.

शिंद्यांच्या तोफा आणि भोसल्यांचे बाण यांच्यापुढे निजामाच्या फौजेची हिंमत खचली. रात्रीच निजामाने माघार घेतली आणि तो खर्ड्याच्या किल्ल्यात जाऊन बसला. मराठ्यांनी किल्ल्याला वेढा घातला आणि थोड्याच दिवसांत निजामाला तह करावा लागला.

पण ज्या माणसाने या पलटणी उभ्या केल्या आणि त्यांच्या तोफा-बंदुकांचे कारखाने काढले, तो हा विजय बघायला हयात नव्हता. तेरा महिन्यांपूर्वीच पुण्याजवळ वानवडीत त्याचा मृत्यू झाला होता. त्या माणसाचं नाव महादजी शिंदे.

महादजींची गोष्ट सांगताना बहुतेक वेळा दिल्लीच्या बादशाहीची, नाना फडणवीसांबरोबरच्या राजकारणाची चर्चा होते. त्यांच्या शस्त्रांच्या कारखान्यांबद्दल मात्र फार कमी बोललं जातं. हे कारखाने होते काय, ते चालवत कोण होतं आणि इतकं सगळं असूनही अवघ्या नऊ वर्षांत शिंद्यांची ही ताकद का कोसळली, तेच पाहू.

पानिपतातून वाचलेला धाकटा मुलगा

शिंद्यांचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कण्हेरखेड. राणोजी शिंदे हे पहिल्या बाजीरावांच्या काळात पुढे आलेले सरदार. त्यांना पाच मुलं होती. जयाप्पा, दत्ताजी, जोतिबा, तुकोजी आणि महादजी. महादजींचा जन्म साधारण १७३० च्या सुमाराचा. घरात ते धाकटे, त्यामुळे सरदारकी आपल्याकडे येईल अशी अपेक्षा ठेवायचं काही कारण नव्हतं.

पण पुढच्या काही वर्षांत या घरावर एकामागून एक घाव पडले. १७५५ मध्ये नागोरला जयाप्पांचा दगाफटक्याने खून झाला. जानेवारी १७६० मध्ये यमुनेकाठी बुराडी घाटावर दत्ताजी पडले. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं आणि त्यात तुकोजी गेले. जयाप्पांचा तरुण मुलगा जनकोजी पकडला गेला आणि मारला गेला.

महादजी वाचले, पण थोडक्यात. पानिपतावरून परतताना एका अफगाण स्वाराने त्यांचा पाठलाग केला, त्यांना गाठलं आणि पायावर घाव घातला. ते रस्त्यावर जखमी पडले होते. राणेखान नावाच्या एका पाणक्याने त्यांना उचलून आपल्या बैलावर घातलं आणि दक्षिणेकडे आणलं. महादजींचा पाय कायमचा अधू झाला. राणेखानाला मात्र ते कधीच विसरले नाहीत. त्याला त्यांनी भाऊ मानलं आणि पुढे तो त्यांचा मोठा सेनापती झाला.

पानिपतात आणखी एक गोष्ट घडली होती, आणि महादजींच्या पुढच्या आयुष्याकडे पाहताना ती लक्षात ठेवावी लागते. मराठ्यांकडे इब्राहिमखान गारदी यांच्या कवायती पलटणी होत्या. रांगेत उभं राहून, हुकमावर गोळीबार करणारं पायदळ आणि त्यांच्या सोबत तोफा. लढाईच्या पहिल्या भागात या गारद्यांनी समोरच्या रोहिल्यांची दाणादाण उडवली. पण बाकीचं सैन्य घोडदळाचं, त्याची लढण्याची पद्धत वेगळी. दोन्हींचा मेळ बसला नाही. गारदी जवळजवळ सगळे कापले गेले. इब्राहिमखानही पकडला जाऊन मारला गेला.

महादजींना घराण्याची सरदारकी मिळायलाही वेळ लागला. हक्काचे बरेच वाद झाल्यावर १७६८ मध्ये माधवराव पेशव्यांनी ती त्यांच्याकडे दिली. तीन वर्षांनी, १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि जानेवारी १७७२ मध्ये महादजींच्या संरक्षणात बादशाह शाह आलम आपल्या राजधानीत परतला.

इंग्रजांना हरवलं, मग इंग्रजांकडून मारही खाल्ला

जानेवारी १७७९ मध्ये मुंबईहून निघालेली इंग्रजांची फौज बोरघाट चढून पुण्याच्या रोखाने आली. मराठ्यांनी तिची रसद तोडली, गावं आधीच ओस पाडली आणि वडगावजवळ तिला असं कोंडलं की इंग्रजांना तह करावा लागला. या मोहिमेत महादजींचा वाटा मोठा होता. इथे गनिमी कावा पुरेसा ठरला.

पण पुढच्याच वर्षी चित्र पालटलं. ऑगस्ट १७८० मध्ये कॅप्टन पॉपमने रात्रीच्या अंधारात शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. हा किल्ला अजिंक्य समजला जायचा आणि तो शिंद्यांच्या ताब्यात होता. १७८१ च्या मार्चमध्ये कर्नल कॅमॅकने महादजींच्या छावणीवर रात्री छापा घातला आणि तोफा, हत्ती, सामान सगळं नेलं.

कंपनीची ही फौज काही लाखांची नव्हती. तिच्यातले बहुतेक शिपाईही इथलेच होते. फरक होता तो कवायतीत, एकसारख्या बंदुकांमध्ये आणि हलक्या तोफांमध्ये. शिवाय पगार महिन्याच्या महिन्याला मिळायचा, हा तर फार मोठा फरक.

मे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. पेशवे आणि इंग्रज यांच्यामध्ये महादजी मध्यस्थ होते. त्यातून त्यांना उत्तरेत हात-पाय पसरायला मोकळीक मिळाली. आता त्यांना हवं होतं ते इंग्रजांसारखं पायदळ.

डी बॉयन आला, सोबत सँगस्टरही

इंग्रजांबरोबरचं भांडण मिटल्यावर महादजींनी ग्वाल्हेर परत घेण्यासाठी गोहदच्या राण्याविरुद्ध मोहीम उघडली. तेव्हा त्या भागात बेन्वा डी बॉयन नावाचा एक माणूस काम शोधत फिरत होता. हा सॅव्हॉय प्रांतातल्या शांबेरी गावचा, जन्म १७५१ चा. फ्रान्सच्या सैन्यात, मग रशियाच्या बाजूने, मग तुर्कांच्या कैदेत आणि शेवटी मद्रासला कंपनीच्या पलटणीत, असा त्याचा प्रवास. शिंद्यांच्या वेढ्यातून गोहदला सोडवण्याची एक योजना त्याने राण्याकडे मांडली. राण्याने ती घेतली नाही. पण या योजनेची खबर महादजींना लागली.

दुसरा कुणी असता तर त्याने असल्या माणसाचा काटा काढला असता. महादजींनी त्याला १७८४ मध्ये नोकरीवर ठेवलं. पगार महिना हजार रुपये. काम होतं दोन कवायती पलटणी उभ्या करण्याचं. एकेका पलटणीत साडेआठशेच्या आसपास माणसं.

याच गोहदच्या राण्याकडे सँगस्टर नावाचा स्कॉटलंडचा एक माणूसही नोकरीला होता. तोही आता डी बॉयनकडे आला. डी बॉयन माणसं घडवणारा, तर सँगस्टर तोफा-बंदुका घडवून घेणारा. पुढच्या दहा वर्षांत शिंद्यांची जी ताकद उभी राहिली, तिच्यात या दोघांचा हात होता.

आग्र्याचा कारखाना

सँगस्टरच्या देखरेखीखाली मुख्य कारखाना आग्र्याला निघाला. मथुरा, दिल्ली, ग्वाल्हेर अशा ठिकाणीही शस्त्रांची कोठारं आणि कामाच्या जागा होत्या. आग्राच का, याचं उत्तर सोपं आहे. शहर मुघलांच्या जुन्या राजधानीचं, त्यामुळे लोहार, ओतारी, सुतार, पितळकाम करणारे असे पिढीजात कारागीर तिथे आधीपासूनच होते. ग्वाल्हेरच्या परिसरात लोखंडाच्या खाणी होत्या. यमुनेतून जड माल नावेने आणता यायचा.

इथे बंदूक कशी बनायची, हे थोडक्यात समजून घेऊ.

त्या काळात आपल्याकडे सगळीकडे तोड्याची बंदूक चालायची. तोडा म्हणजे जळती वात. चाप ओढला की ही वात दारूच्या कानाला लागते आणि बार उडतो. बंदूक चांगली, नेमही चांगला, पण वात सतत पेटती ठेवावी लागते. पावसात ती विझते, रात्री शत्रूला दिसते, आणि माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतील तर शेजाऱ्याच्या दारूलाच आग लागण्याची भीती. युरोपात तोवर चकमकीची बंदूक रूढ झाली होती. चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटते, ठिणगी पडते आणि बार उडतो. यात वात नाही. त्यामुळे माणसं दाटीने उभी राहू शकतात आणि सराव असलेला शिपाई एका मिनिटात दोन-तीन बार काढू शकतो.

बंदुकीची नळी करायची म्हणजे लोखंडाची लांब पट्टी लालबुंद तापवायची, ती सळईभोवती गुंडाळायची, कडा घणाने ठोकून एकजीव करायच्या आणि मग आतून बरमा फिरवून भोक सरळ आणि गुळगुळीत करायचं. सांधा कच्चा राहिला तर नळी शिपायाच्या तोंडावर फुटणार. त्यामुळे ही सगळी मदार लोहाराच्या हातावर. इथल्या लोहारांना हे काम नवं नव्हतं, तोड्याच्या बंदुकीची नळीही अशीच बनायची. नवी होती ती चकमकीची कळ, तिच्या कमानी आणि स्प्रिंग. आणि त्याहून नवी होती एकसारखेपणाची सक्ती. सगळ्या बंदुकांचं भोक एकाच मापाचं असेल तरच सगळ्यांना एकाच मापाची गोळी पुरवता येते.

आग्र्याला अशी एक बंदूक साधारण दहा रुपयांत पडायची आणि ती युरोपातल्या बंदुकीच्या तोडीची होती, असं त्या काळाबद्दल लिहिणाऱ्या इंग्रजांनीच नोंदवून ठेवलंय.

तोफांची गोष्ट याहून मोठी. आपल्याकडे अजस्र तोफा ओतायची परंपरा जुनीच. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली आणि विजापूरला जाण्याआधी ती काही काळ याच परांड्याच्या किल्ल्यात होती. पण अशी तोफ किल्ल्याच्या बुरुजावर शोभते. रणात ती हलवायची तर शेकडो बैल लागतात आणि तोवर लढाई संपलेली असते. महादजींना हव्या होत्या लहान, हलक्या तोफा. पलटणीबरोबर चालणाऱ्या, पटकन वळणाऱ्या, पटापट बार काढणाऱ्या.

तांबं आणि कथील यांच्या मिश्रणातून अशा तोफा ओतल्या जाऊ लागल्या. भोक नेमकं असेल तर गोळा आणि नळी यांच्यातली फट कमी राहते, दारूचा जोर वाया जात नाही आणि मग तोफ हलकी असूनही मारा लांब जातो. तोफेचं तोंड वर-खाली करायला जुन्या पद्धतीत लाकडी पाचरी ठोकायचे. शिंद्यांच्या तोफांना त्यासाठी फिरवायचा स्क्रू बसवलेला होता, म्हणजे नेम झटपट आणि बारकाईने बदलता यायचा. त्या काळातली ही आधुनिक टेक्नॉलॉजी होती.

कारखान्याइतकंच महत्त्वाचं होतं पगाराचं

शस्त्रं चांगली असली म्हणून सैन्य चांगलं होत नाही, हे महादजींना १७८७ मध्ये कळलं.

त्या वर्षी जुलैमध्ये जयपूरजवळ लालसोटला राजपुतांशी लढाई झाली. महादजींच्या बाजूने बादशाही पलटणीही होत्या. त्यांचा पगार कित्येक महिने थकला होता. लढाई ऐन रंगात असताना या पलटणी तोफांसकट समोरच्या बाजूला जाऊन मिळाल्या. महादजींना माघार घ्यावी लागली. त्या गोंधळात जागेवर उभ्या राहिल्या त्या डी बॉयनच्या पलटणी.

पुढचं वर्षभर महादजींचं उत्तरेतलं स्थान पार डळमळलं. त्याच काळात गुलाम कादिर नावाच्या रोहिल्याने दिल्ली ताब्यात घेतली आणि ऑगस्ट १७८८ मध्ये म्हाताऱ्या शाह आलमचे डोळे काढले. महादजींच्या फौजेने दिल्ली परत घेतली. त्या फौजेचा प्रमुख होता पानिपतातून महादजींना वाचवणारा राणेखान. गुलाम कादिर पकडला गेला आणि त्याला मृत्युदंड मिळाला.

यानंतर १७९० मध्ये महादजींनी डी बॉयनला सांगितलं की आता दोन नाही, दहा पलटणींचा पूर्ण कंपू उभा कर. खर्चासाठी त्यांनी गंगा-यमुनेच्या दुआबातला सुपीक मुलूख तोडून दिला. त्याचा वसूल फक्त या फौजेच्या पगारासाठी. फौजेचं मुख्य ठाणं अलीगढला. शिपायाला पगार वेळेवर मिळू लागला. जखमींच्या उपचाराची सोय झाली. कामातून गेलेल्यांना पैसे मिळू लागले. त्या काळच्या हिंदुस्थानी फौजांमध्ये हे फार दुर्मीळ होतं.

याचा परिणाम लगेच दिसला. जून १७९० मध्ये पाटणला आणि सप्टेंबरमध्ये मेडत्याला या पलटणींनी राजपूत आणि इस्माईल बेग यांच्या फौजा मोडून काढल्या. मेडत्याला राठोडांच्या घोडदळाने जिवावर उदार होऊन हल्ला चढवला. डी बॉयनच्या पलटणी चौकोन करून उभ्या राहिल्या आणि ते शूर घोडेस्वार गोळीबारात पडत गेले. तलवारीची मर्दुमकी बंदुकीच्या रांगेपुढे टिकत नाही, हे त्या दिवशी राजपुतान्यात सगळ्यांना कळलं.

महादजींच्या शेवटच्या काळात डी बॉयनच्या हाताखाली असे तीन कंपू होते. वीस हजारांच्या वर पायदळ आणि शंभराहून जास्त तोफा. कंपनी सोडली तर एवढी शिस्तबद्ध फौज तेव्हाच्या हिंदुस्थानात दुसरी नव्हती.

पाटीलबाबा पुण्यात आले

दिल्लीचा बादशाह ज्याच्या मुठीत आहे असा हा माणूस स्वतःला पाटील म्हणवून घ्यायचा. लोकही त्यांना पाटीलबाबा म्हणत. बीडच्या मन्सूरशाह या सूफी संतांवर त्यांची श्रद्धा होती.

जून १७९२ मध्ये महादजी पुण्यात आले. बादशाहाने पेशव्यांना दिलेली वकील-ए-मुतलकची वस्त्रं त्यांनी मोठा दरबार भरवून सवाई माधवरावांना अर्पण केली. या भेटीत त्यांनी पेशव्यांचे जोडे हातात घेतले, ही हकिगत प्रसिद्ध आहे. आपले वडील राणोजी याच कामावर होते, याची आठवण ते सगळ्यांना करून देत होते. नाना फडणवीसांना या नम्रतेत डावपेच दिसत होते, आणि ते पूर्ण चुकीचे होते असंही नाही. उत्तरेतल्या मोहिमांचा खर्च, हिशेब आणि पुण्यातली सत्ता यावरून दोघांमध्ये ताण होताच.

इकडे हे चालू असताना १७९३ मध्ये राजस्थानात लाखेरीला एक वाईट गोष्ट घडली. शिंदे आणि होळकर यांच्या फौजा एकमेकांशी भिडल्या. शिंद्यांचं पाहून होळकरांनीही दुद्रनेक नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याकडून चार कवायती पलटणी तयार करून घेतल्या होत्या. लढाई फार कडवी झाली. डी बॉयन जिंकला आणि होळकरांच्या पलटणी जवळजवळ नष्ट झाल्या. युरोपी पद्धतीच्या दोन मराठी फौजा, आणि त्या लढल्या एकमेकांशीच.

१२ फेब्रुवारी १७९४ ला वानवडीच्या छावणीत महादजी तापाने वारले. त्यांना मुलगा नव्हता. भाऊ तुकोजींचा नातू दौलतराव गादीवर आला. तेव्हा तो जेमतेम चौदा-पंधरा वर्षांचा होता.

खर्ड्यानंतर नऊ वर्षांत सगळं कसं गेलं?

खर्ड्याच्या विजयानंतर त्याच वर्षाच्या अखेरीस डी बॉयनने तब्येतीमुळे नोकरी सोडली. तो भरपूर पैसा घेऊन युरोपात गेला आणि १८३० मध्ये आपल्या गावी, शांबेरीला वारला. त्या गावात त्याच्या आठवणीसाठी उभारलेला हत्तींचा कारंजा आजही आहे. त्याच्या जागी पेरॉन आला.

पलटणी वाढल्या, तोफा वाढल्या, कारखाने चालू राहिले. पण वरचे सगळे अधिकारी युरोपी होते. कवायतीचे हुकूम त्यांचे, नकाशे त्यांचे, पलटणीला कधी कुठे वळवायचं हे ठरवणारे तेच. मराठी माणूस या रचनेत घोडदळाचा सरदार होता, कारभारी होता. पलटणीचा कमांडर मात्र नव्हता.

१८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटलं आणि ही फट उघडी पडली. गव्हर्नर जनरल वेलस्लीने जाहीर केलं की शिंद्यांची नोकरी सोडून येणाऱ्या अधिकाऱ्यांना कंपनी सांभाळून घेईल. एकेक अधिकारी निघून गेला. सप्टेंबरच्या सुरुवातीला अलीगढचा किल्ला पडला आणि खुद्द पेरॉन इंग्रजांच्या स्वाधीन झाला. ज्या फौजेला घडवायला जवळजवळ वीस वर्षं लागली, तिचं डोकं काही दिवसांत निघून गेलं.

पण खरी गोष्ट इथून पुढे आहे. अधिकारी गेले, तरी तोफा आणि तोफखान्यातली माणसं गेली नाहीत.

२३ सप्टेंबर १८०३ ला जालना जिल्ह्यातल्या असईला आर्थर वेलस्लीने शिंदे आणि भोसले यांच्या फौजेवर हल्ला केला. शिंद्यांकडे पोलमन नावाचा एक जर्मन अधिकारी आणि त्याच्या पलटणी होत्या. त्यांच्या तोफांनी इंग्रजांच्या रांगा अक्षरशः झोडपल्या. इंग्रज तोफांपर्यंत पोचले, ओलांडून पुढे गेले, तेव्हा मेल्याचं सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा फिरवून मागून मारा सुरू केला. वेलस्ली जिंकला, पण त्याची दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. तरीही आपल्या लढायांमध्ये तो असईलाच वरचं स्थान द्यायचा.

असईला इंग्रजांच्या हाती शंभरच्या आसपास तोफा लागल्या. त्यातल्या पितळी तोफा इतक्या चांगल्या होत्या की त्या कंपनीच्या फौजेत वापरता येतील, असं वेलस्लीने कळवलं. शत्रूची शस्त्रं जिंकणाऱ्याला आपल्या फौजेत घ्यावीशी वाटतात, यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कारागिराला कुठलं मिळणार? अलीकडच्या काळात रॅन्डॉल्फ कूपर या इतिहासकाराने या युद्धावर लिहिताना हेच दाखवून दिलंय की मराठे शस्त्रांच्या बाबतीत मागे होते, हा समज चुकीचा आहे. ते कमी पडले ते फौजेच्या नेतृत्वात आणि पैशाच्या व्यवस्थेत.

१ नोव्हेंबरला लासवारीला शिंद्यांच्या उरलेल्या पलटणी लढल्या. तिथे त्यांच्याकडे वरचे युरोपी अधिकारी जवळजवळ नव्हतेच. तरी त्या तोफांपाशी शेवटपर्यंत लढत राहिल्या. डिसेंबरअखेर सुर्जी-अंजनगावचा तह झाला. दिल्ली, आग्रा, दुआब सगळं गेलं. आग्र्याबरोबर कारखानाही गेला.

सँगस्टरचं नाव राहिलं, लोहारांचं गेलं

महादजी आग्र्याला कारखाना चालवत होते, साधारण त्याच काळात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरच्या आसपास जर्मन आणि स्विस वंशाचे लोहार एक वेगळीच बंदूक बनवत होते. लांब नळी, तिच्या आत पिळाच्या खाचा, मेपल लाकडाचा दस्ता आणि त्यावर पितळेची नक्षी. पिळाच्या खाचांमुळे गोळी गिरकी घेत जाते आणि नेम लांबपर्यंत अचूक लागतो. तिला लाँगरायफल म्हणतात. भरायला वेळ लागायचा, म्हणून फौजेच्या रांगेपेक्षा शिकाऱ्याला ती जास्त सोयीची. ही बंदूक एकेका गिऱ्हाईकासाठी बनायची, त्यामुळे बरेच कारागीर नळीवर स्वतःचं नाव कोरायचे.

आज तिकडे या बंदुका जमवणाऱ्यांची मोठी संख्या आहे. पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावच्या जो किंडिग ज्युनियर या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने आयुष्यभर त्या जमवल्या आणि १९६० मध्ये त्यांच्यावर मोठा ग्रंथ लिहिला. नळीवरचं नाव, दस्त्याचा बाक, पितळेची नक्षी यावरून कुठली बंदूक कुठल्या गावच्या कुठल्या लोहाराची, हे तिथे सांगता येतं. दोनशे वर्षांपूर्वीचा एखादा खेड्यातला लोहार तिथे नावाने ओळखला जातो.

आपल्याकडे राजाच्या हुकमावरून ओतलेल्या मोठ्या तोफांवर ओतणाऱ्याचं नाव सापडतं. मलिक-ए-मैदानवर मुहम्मद रूमी या कारागिराचं नाव आहे. पण कारखान्यातून एकसारख्या निघालेल्या बंदुका-तोफांच्या वाट्याला हे भाग्य आलं नाही. आग्र्याच्या कारखान्याचा विषय निघाला की पुस्तकांत सँगस्टरचं नाव येतं. दहा रुपयांत युरोपच्या तोडीची बंदूक ज्यांनी प्रत्यक्ष ठोकून काढली, त्यांचं नाव येत नाही.

पुढे कंपनीचं राज्य पक्कं झालं तशी संस्थानांच्या फौजांची गरज संपत गेली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगणं बेकायदा ठरलं. हत्यारं घडवणाऱ्या आणि साफ करणाऱ्या हातांनी दुसरी कामं धरली. मिरजेत तर पटवर्धनांची हत्यारं सांभाळणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तंबोरे आणि सतारी बनवायला सुरुवात केली आणि मिरजेचं नाव देशभर झालं.

महादजींना काय जमलं आणि काय राहून गेलं, हे यातून दिसतं. पानिपतातून लंगडत परतलेल्या माणसाने इंग्रजांची ताकद कशात आहे हे बरोबर ओळखलं. त्याने परक्या माणसांकडून तंत्र घेतलं आणि दहा वर्षांत ते इथल्या लोहार-ओताऱ्यांच्या हातात रुजवलं. म्हणूनच सँगस्टरच्या कारखान्याची कला टिकली आणि असईपर्यंत पोचली. पण डी बॉयनकडची विद्या, म्हणजे फौज चालवण्याची विद्या, इथल्या माणसांच्या हाती आली नाही. ती पगारावर आलेली होती आणि दुसऱ्याने जास्त चांगली सोय करून देताच निघून गेली. महादजींना आणखी वीस वर्षं मिळाली असती तर त्यांनी हीही उणीव भरून काढली असती का, हे सांगता येत नाही. दौलतरावाला मात्र ते जमलं नाही.

पुण्यात वानवडीला महादजींची छत्री आहे. शनिवार-रविवारी बरेच लोक ती पाहायला जातात. खर्ड्याचा किल्लाही उभा आहे, माढ्याहून दोन-अडीच तासांत तिथे पोचता येतं. पुढच्या वेळी यातलं काही पाहायला गेलात, तर महादजींबरोबर त्या लोहारांचीही आठवण काढा.